घर नंबर सदतीस

"घरी मच्छरदाणीत झोपते का नाही? हो का नाही, एवढंच सांग!"

चैतीच्या अंगणात उभी राहून मी ओरडत होते. हातात रक्ततपासणीचं किट, त्यावर दोन ठसठशीत रेषा. म्हणजे हिवताप. इरुकटोल्यात त्या सकाळपासून सापडलेला हा नववा रुग्ण, आणि नवांतल्या आठ बायका.

"झोपते जी," चैती म्हणाली. तापानं तिचे ओठ सुकले होते.

"मग हे कसं झालं? डास काय परवानगी घेऊन आत आला?"

माझ्यामागे फवारणी पथकाचे मुकादम दुधबळे भाऊ उभे होते. ते फिस्सकन हसले. चैतीनं मान खाली घातली. गावची आशा कार्यकर्ती पुसे वड्डे माझ्या शेजारी होती, पण तिनंही उगाच छत्री उघडली आणि पुन्हा मिटली.

आत डोकावले तर खाटेवर मच्छरदाणी व्यवस्थित टांगलेली. चारी कोपरे बांधलेले. मला वाटलं, मी येणार हे कळल्यावर टांगली असणार. डोक्यात तिडीकच गेली.

मी कुंदा नाकाडे, नर्स. माहेर आरमोरीकडचं. सासूबाई म्हणायच्या, कुंदाच्या जिभेला हाड नाही, आणि ते खोटं नव्हतं. त्या वर्षी मी एकतीस वर्षांची होते आणि त्या उपकेंद्रात मला तिसरं वर्ष लागलं होतं. इरुकटोला म्हणजे नाल्यापलीकडची माडियांची छत्तीस घरं. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी स्वतः डोक्यावर गठ्ठे घेऊन औषध लावलेल्या मच्छरदाण्या तिथं पोचवल्या होत्या. घरटी दोन. रजिस्टरमध्ये छत्तीस घरं, छत्तीस अंगठे. तालुक्याच्या मीटिंगमध्ये 'शंभर टक्के' म्हणून माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. म्हणून त्या गावात ताप निघणं मला माझा अपमान वाटत होता.

पुढचं घर मासेचं. मासेला आठवा संपत आला होता. आदल्या वर्षी तिची पहिली मुलगी सव्वीस दिवसांची होऊन तापानं गेली होती. मी दोन दिवस उशिरा पोचले होते. तेव्हाही मी तिला हेच विचारलं होतं, घरी मच्छरदाणी लावत होती ना? तीही हाव, म्हणजे हो, म्हणाली होती. तेव्हा मी गप्प बसले होते. या वेळी बसले नाही.

"मासे, मागच्या खेपेला पोर गेली. आता तरी जाळी वापरशील ना, का हेपण घालवशील?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. मासे पोटावर हात ठेवून आत निघून गेली. ओसरीवर तिची सासू रैनी झाडू बांधत बसली होती. रैनी म्हणजे गावच्या पेरम्याची, पुजाऱ्याची बायको. गावातल्या बायकांत तिचा शब्द शेवटचा. ती माडियात काहीतरी एवढंसं बोलली.

"काय म्हणाली वं?" मी पुसेला विचारलं.

"काही नाही बाई. चला पुढं," पुसे म्हणाली.

दुपारी दुधबळे भाऊ पथक घेऊन परत गेले. मी तापाच्या रुग्णांना गोळ्या सुरू करून द्यायला मागे थांबले आणि नेमका नाला चढला. तीन-चार दिवस तरी उतरायचा नाही, असं सगळे म्हणाले. पुसेच्या घरी माझं अंथरूण पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाळी आली, आठ दिवस आधीच.

मी पुसेला बाजूला घेऊन कापड मागितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, आता तुम्ही घरात नाही येऊ शकत."

"काऊन? मी काय माडिया आहे?"

"घर तर माडियाचं आहे ना जी."

कोणी सांगितलं कोण जाणे, अर्ध्या तासात रैनी म्हातारी अंगणात हजर. ती माडियात बोलायची आणि पुसे मराठी करून सांगायची. मी इथं मराठीतच सांगते.

"नर्स असो का कलेक्टर," रैनी म्हणाली, "पाळीतली बाई कुर्माघरात. चार दिवस."

मला राग आला म्हणजे काय, कान तापले माझे. मी शिकलेली बाई, सरकारी नोकर, आणि मला गावाबाहेर बसवणार? मी नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात पुसे हळूच म्हणाली, "तुम्ही इथं राहिल्या आणि गावात कोणाचं ढोर जरी मेलं, तरी माझ्या घरावर येईल. दंड म्हणून डुक्कर द्यावं लागेल, जेवण द्यावं लागेल. माझं आशाचं काम जाईल." तिच्याकडे पाहून मी पिशवी उचलली.

कुर्माघर गावाच्या टोकाला, नाल्याच्या बाजूला होतं. मातीच्या भिंती, वर गवत. दार एवढं ठेंगणं की रांगत जावं लागे. खिडकी नाही. तीन वर्षांत मी त्या झोपडीवरून पन्नासदा तरी गेले असेन, पण आत कधी डोकावले नव्हते. आत चैती होती, कालचीच, तापात. तिला आदल्या संध्याकाळीच पाळी आली होती. शिवाय दोन पोरी. मला पाहून पोरी तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या.

"या बाई," चैती म्हणाली. "इथं सगळे सारखेच."

दिवसभर बरं गेलं, खोटं कशाला बोलू? चैतीला गोळ्या दिल्या, डोक्यावर ओली पट्टी ठेवली. पोरी बांबूच्या टोपल्या विणत होत्या, गाणी म्हणत होत्या, सासवांच्या नकला करत होत्या. रैनीची नक्कल तर अशी केली की मीसुद्धा लोळून हसले. जेवण बाहेरून येत होतं. शेत नाही, पाणी भरणं नाही. मी मनात म्हटलं, आराम तरी मिळतो बिचाऱ्यांना.

दिवेलागण झाली आणि डास आले. नाल्याकडून येत होते की गवतातून निघत होते, देव जाणे. मी हात झटकत, पाय झटकत बसले. पोरी लुगड्यात डोकं गुंडाळून मुकाट पडून होत्या.

"अवं, मच्छरदाणी कुठं आहे?" मी विचारलं.

चैती तापातही हसली. "इथं कुठून येईल?"

"घरची आणायची ना! घरटी दोन दिल्या मी."

"बाई, इथं आलेली वस्तू परत घरात जात नाही. ही चटई इथलीच. हे मडकं इथलंच. घरची जाळी इथं आणली तर ती इथलीच झाली. मग घरची लेकरं कशात झोपतील?"

"मग मी काल एवढी ओरडले, तेव्हा काऊन नाही सांगतलं?"

"दुधबळे भाऊ होते ना मागं. पुरुषासमोर हे कसं बोलायचं? आणि तुम्ही विचारलं, घरी जाळीत झोपते का? घरी झोपते मी."

नऊ रुग्णांत आठ बायका. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती मी. मग एकदम दुसरी गोष्ट डोक्यात आली.

"चैती, मासेची पोर..."

"इथंच होती," चैती म्हणाली. "बाळंतीण महिनाभर बाळाला घेऊन इथंच राहते. महिना झाला की पोर बाहेर निघते, मग तिचं नाव ठेवतात. मासेची नाही निघाली."

मी रडले. पोरींसमोर, मोठ्यानं. मासेला मी काय बोलले होते ते पुन्हा पुन्हा कानात वाजत होतं. ती बिचारी हाव म्हणाली होती आणि ते खरं होतं. महिन्याच्या आत ती दुसरं बाळ घेऊन याच जमिनीवर झोपणार होती. हे बाळ जाऊ द्यायचं नाही, एवढं मी तिथंच ठरवलं.

पण शहाणपण लगेच येत नाही. चार दिवसांनी अंघोळ करून बाहेर आले ती तडक रैनीच्या ओसरीवर गेले. म्हटलं, "आजी, ते कुर्माघर मोडून टाका. पोरं मरतात तिथं."

रैनीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून मासेनं माझ्याकडे तपासायला येणं बंद केलं. पुसे म्हणाली, बाई, तुम्ही घाण केली. चैती त्याहून स्पष्ट बोलली.

"मोडू नका जी. महिन्याचे चार दिवस तिथंच आमची पाठ टेकते. तुम्ही फक्त जाळ्या आणा. तिथल्या तिथं राहतील."

एवढं सोपं होतं. जाळ्या त्या झोपडीच्याच असल्या की झालं! आठवी शिकलेल्या पुसेला आणि न शिकलेल्या चैतीला जे दिसलं, ते मला दिसलं नव्हतं.

नाला उतरल्यावर मी आरोग्य केंद्रात गेले. भांडार येरमे साहेबांकडे होतं. मागे मच्छरदाण्यांचे गठ्ठे रचलेले दिसत होते.

"सहा जाळ्या पाहिजेत साहेब. इरुकटोला, कुर्माघरासाठी."

"इरुकटोला पूर्ण आहे. छत्तीस घरं. तुम्हीच शंभर टक्के केलं."

"कुर्माघर राहिलं."

"ते घर आहे का? घर नंबर काय त्याचा?"

"सदतीस," मी म्हटलं. तोंडाला आलं ते.

साहेबांनी चष्मा वर केला. "कुटुंबप्रमुख?"

मी मागच्या गठ्ठ्यांकडे बघितलं.

"बाई, मी वाईट माणूस नाही. पण कुटुंबप्रमुखाचं नाव आणि अंगठा असल्याशिवाय एक जाळी सुटत नाही. उद्या कोणी विचारलं तर मी काय दाखवू? जाळ्या मासळी धरायला गेल्या म्हणतील. फॉर्म भरून आणा, त्या घटकेला देतो."

फॉर्म घेऊन बाहेर आले तर दुधबळे भाऊ पंप धूत बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, कुर्माघर फवारून द्या."

त्यांनी दोन्ही हात जोडले. "बाई, पुरुष त्या भिंतीला हात लावत नाही. आणि समजा लावला, तर तो पंप पुन्हा कोणी घरात घेणार नाही. एका खोपटापायी छत्तीस घरं जातील. बाकीच्या गावांत ही बातमी पंपाच्या आधी पोचते."

"मग एक पंप आम्हाला द्या. कायमचा."

"बाप्पा! पंप काय झाडाला लागतात?"

मी हललेच नाही. तिथंच पायरीवर ठाण मांडलं. शेवटी कंटाळून त्यांनी भंगारातून एक मोडका पंप ओढून काढला. वॉशर गेलेलं, नळी फाटलेली. पण माणूस हाताचा कसबी. शिव्या देत देत त्यांनी दुपारभर बसून तो दुरुस्त केला. मग अंगणातल्या भिंतीवर पाणी मारून मला शिकवलं. एकानं पंप मारायचा, दुसऱ्यानं नळी धरायची, भिंतीपासून दीड फूट, वरून खाली, खालून वर, सुटू द्यायचं नाही. चार वेळा चुकले, चार वेळा ओरडा खाल्ला. दुसऱ्याचा ओरडा खाताना कसं वाटतं तेही कळलं.

आता प्रश्न कुटुंबप्रमुखाचा. गावात बैठक घेतली तर पुरुष उठून गेले. असल्या जागेला नाव कोण देणार? बायका बसल्या, पण त्यांनाही भीती. जिच्या नावावर कुर्माघर, तिच्या घरावर गावाचं सगळं पाप येईल. पुसे म्हणाली मी आशा आहे, माझं नाव नको. चैतीचा नवरा दारातून ओरडला, घरी चल. मी एकेकीच्या तोंडाकडे पाहत होते. मासेचे दिवस भरत आले होते. पंधरवडाही हाती नव्हता.

तेव्हा मासे भिंतीला धरून उठली. "माझं लिहा," म्हणाली.

मागून रैनीनं तिचा हात धरला आणि तिला खाली बसवलं. "हिचं नाही लिहायचं."

झालं, मी म्हटलं. सगळं फुकट गेलं. माझ्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. "आजी, नका लिहू. पण मग पुढच्या महिन्यात पोर पुरायला तुम्हीच जा!"

पुसेनं याचं माडिया केलं नाही. पण रैनीला न सांगताही कळलं असावं. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि हळूहळू बोलायला लागली.

"मी पण गेले आहे पुरायला. तीनदा. दोन पोरी, एक पोरगा. महिन्याच्या आत गेले. मग लालसू जगला, मासेचा नवरा. त्या तिघांना नावच नव्हतं. हाक काय मारायची? रडताना काय म्हणून रडायचं? नियम मी मोडणार नाही. जाळी आत गेली की बाहेर येणार नाही. पंप आत गेला की बाहेर येणार नाही. मग यात नियम कुठं मोडला? माझं नाव लिही."

पेरम्याच्या बायकोनंच नाव दिल्यावर बोलणार कोण? मी शाईचा डबा पुढे केला. तिनं अंगठा बुडवून कागदावर दाबला, असा दाबला की खाली जमिनीवर वळ उठला असेल.

"कुटुंबात माणसं किती?" फॉर्मवर रकाना होता म्हणून मी विचारलं.

"कुर्माघरात बसणाऱ्या बाया-पोरी किती? तेवढ्या लिही."

पुसेनं मोजल्या. एकेचाळीस. येरमे साहेब फॉर्म पाहून खुर्चीतून उठले. "एका खोपटात एकेचाळीस माणसं? दोघांमागं एक धरली तरी वीस जाळ्या होतात!"

"सहाच द्या साहेब. बाकीच्या पाळीपाळीनं येतात," मी म्हटलं. ते लाजून लालबुंद झाले आणि गठ्ठा सोडायला पाठमोरे वळले.

फवारणी आम्हीच केली. त्या दिवशी चैतीची धाकटी जाऊ आणि आणखी एक पोरगी आत बसलेल्या होत्या, त्यांनी पंप मारला. नळी मी धरली. पहिल्या भिंतीवर निम्मं औषध माझ्याच अंगावर आलं, पोरी हसून हसून पंपावरून पडल्या. पण चारही भिंती झाल्या, छपराची आतली बाजू झाली, दाराची मागची बाजूही झाली. दुधबळे भाऊ लांब चिंचेखाली पाठ करून उभे होते आणि तिकडूनच ओरडत होते, "कोपरे सोडू नका! कोपरे!" झाल्यावर पंप तिथंच खुंटीला टांगला. रैनीनं बाहेरूनच खात्री करून घेतली.

फवारणीनंतर नवव्या दिवशी मासे बाळंत झाली. दवाखान्यात चल म्हणून मी पाया पडले, पण नाला पुन्हा चढला होता. मी आधीच येऊन राहिले होते म्हणून बरं. पोरगी झाली. आत जाळी टांगायला उंची पुरेना, म्हणून बांबू वाकवून बुटकी चौकट केली आणि मायलेकींवरून जाळी सोडली. मासे त्यातून माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "मासे, त्या दिवशी मी जे बोलले..." ती म्हणाली, "पोरीला नीट पुसा बाई, थंडी वाजेल." एवढंच.

दर चौथ्या दिवशी मी जाऊन पोरीच्या अंगाला हात लावून पाहायची. वीस दिवस गेले, चोवीस गेले. सव्विसाव्या दिवशी न जेवताच सकाळी निघाले. नाला छातीपर्यंत होता, पिशवी डोक्यावर धरून पार केला. पोरीचं कपाळ गार होतं. ती दूध पिऊन सुस्त पडली होती. शंका नको म्हणून टाच टोचून थेंबभर रक्त घेतलं. ती किंचाळली. किटवर एकच रेषा उमटली. दुसरी येते का म्हणून मी अर्धा तास किट हातात धरून बसले होते. नाही आली.

महिना उलटून गेला, तेहतिसाव्या दिवशी मासे पोरीला घेऊन बाहेर येणार होती. सगळ्या बाया जमल्या होत्या. ठेंगण्या दारातून आधी पोर पुढे आली आणि रैनीनं ती वरच्या वर झेलली. मग मासे रांगत बाहेर आली. नव्या पाण्यानं दोघींना अंघोळ घातली. मिरवत मिरवत सगळ्या रैनीच्या घराशी गेलो.

मी ओसरीवर बसून रजिस्टर उघडलं. सदतीस नंबरच्या घरात पोरीची नोंद होती, नावाची जागा रिकामी. आता ती मासेच्या घरात, चौथ्या नंबरला लिहायची होती. मी पेन काढलं.

"नाव काय ठेवता?"

"थांब," रैनी म्हणाली. "आधी उंबरा ओलांडू दे."

तिनं नातीला छातीशी धरलं, उंबऱ्यावरून आत पाऊल टाकलं आणि तिथंच उभी राहिली. पाठ माझ्याकडे होती. मग तिनं पोरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आमच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "वंजे."

"वंजे," सगळ्या बाया म्हणाल्या.

मी लिहायला लागले. रैनी आतून बाहेर आली, माझ्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"एवढं बारीक काऊन लिहिते?" ती म्हणाली. "मोठं लिही."

मी दोन ओळी धरून लिहिलं. वंजे.